वेशीबाहेरचा कौल

परळ, मुंबई
३० नोव्हेंबर १९५९

ती. सौ. सावित्रीवहिनी यांस,
विमलाचा शि. सा. न. वि. वि.

हातातले काम खाली ठेवून मगच हे पत्र वाचावे. दादाच्या पोटात अल्सर नाही, कर्करोग आहे. जठरातली गाठ मागच्या स्वादुपिंडाला चिकटली आहे. काढायचे तर जठर, प्लीहा, स्वादुपिंडाचे शेपूट आणि मोठ्या आतड्याचा एक तुकडा, असे सगळे एकदमच काढावे लागेल. दहांतले तीन-चार इस्पितळातून घरी जात नाहीत, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. जे जातात त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांत रोग पुन्हा गाठतो. पाच वर्षे काढणारा एखादाच. काहीच केले नाही तर चार-सहा महिने, आणि शेवटी घशाखाली पाणीही उतरणार नाही.

दादाला मी हे आकडे सांगितले नाहीत. ऑपरेशन मोठे आहे, धोका आहे, एवढेच सांगितले. जन्मभर पोरांना गणित शिकवणारा माणूस, पण त्याने हिशेब देवावर टाकला. म्हणाला, "रामेश्वराक विचार. तो उजवो कौल देयत तर कापूंदेत, नायतर माका घराक न्हेया." आता त्याची सही त्या कौलावर आणि माझी त्याच्या सहीवर अडली आहे. डॉक्टर दहा तारखेपर्यंत थांबतील. वहिनी, माझा हात चालत नाही. देवळात जाऊन कौल घ्यावा आणि उलट टपाली कळवावे.

तुमची वाट पाहणारी,
विमला


आचरा
५ डिसेंबर १९५९

चि. सौ. विमलवन्सं यांस, सावित्रीचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. कौल घेतला, उजवा झाला. सही करा.

दहांतले तीन-चार जातात असं लिहिलंत. म्हणजे सहा-सात घरी येतात. मला तेवढंच दिसलं. यांना सांगा, देवानं हो म्हटलंय, आता उठायचं काम तुमचं. गाय व्यालीय, पाडी झालीय. तेही सांगा, बरं वाटेल त्यांना. मालवणला जाणारं माणूस खोळंबलंय, त्याच्याच हाती पत्र देते, म्हणजे लवकर निघेल.

तुमच्यावर सगळा भार टाकून बसलेली,
सावित्री


परळ, मुंबई
२ जानेवारी १९६०

ती. सौ. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.

तारेने कळवलेच होते की ऑपरेशन पार पडले. साडेसहा तास लागले. नंतरचे दिवस मात्र वाईट गेले. स्वादुपिंडाच्या कापल्या टोकातून रस झिरपतो आणि नळीवाटे बाटलीत येतो. नळीभोवतीची कातडी त्याने भाजल्यासारखी झाली आहे. आठ दिवस ताप होता, रक्ताच्या बाटल्या चढल्या. शेजारच्या खाटेवर असेच ऑपरेशन झालेले कारवारचे गृहस्थ होते, ते पाचव्या दिवशी गेले. दादाने ते पाहिले आणि मी घाबरले. पण तो नर्सला सांगत होता की त्यांना बिचाऱ्यांना कौल नव्हता, मला आहे. बाटली हातात धरून त्याच दिवशी तो खाटेभोवती चार पावले चालला.

काल दोन चमचे पेज पोटात ठरली. वजन पाहून मात्र दारात ओळखायला चुकू नका.

आता जरा झोप लागू लागलेली,
विमला


आचरा
१५ डिसेंबर १९६०

चि. विमल हीस जयरामचे अनेक आशीर्वाद.

वर्ष झाले. इस्पितळाचे छापील कार्ड आले आहे. पेशंट जिवंत आहे काय, वजन किती, अन्न जाते काय, असे रकाने आहेत. पहिल्या रकान्यापुढे मी मास्तराच्या सवयीने "हजर" लिहिले. वजन अठ्ठ्याण्णव पौंड, पूर्वी एकशे बेचाळीस होते. दिवसातून आठ वेळा वाटीवाटीने खातो. शाळेची घंटा झाली की मुले धडा उघडतात, मी डबा उघडतो. गोड खाल्ले की घाम सुटतो आणि दहा मिनिटे आडवे व्हावे लागते. एका बसणीला वीस वडे उठवणाऱ्या तुझ्या भावाची ही अवस्था, हसायचे तर हसून घे. महिन्याला एक इंजेक्शन असते. बाकी ठीक.

सावित्रीचे गुडघे दुखतात म्हणे. देवळात हल्ली ती पुढे येत नाही, सभामंडपाच्या शेवटच्या खांबापाशीच बसते. मुंबईहून एखादे तेल पाठव.

तुझा अर्धपोटी, पण सुखी,
दादा


मु. खाडीपलीकडची झोपडी
२२ डिसेंबर १९६३

चि. विमल हीस अ. आ.

पत्ता वाचून समजलीस ना? गावपळण आहे. तुझ्या मुंबईकर मुलांना नीट समजावून सांग. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की आपला सगळा गाव गुरे-कोंबड्यांसकट पूर्ण तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. गावात चूल पेटत नाही, देवळाचे दार बंद, पुजारीसुद्धा बाहेर. मागची गावपळण झाली तेव्हा मी तुझ्याकडे परळच्या इस्पितळात होतो.

काल शेजारच्या झोपडीतली हौसाबाई बोलता बोलता म्हणाली, "मागच्या पळणीत मुंबैचा पत्र घेवन पोस्टमन हयच इल्लो. तुमची बायल ता वाचून चुलीकडे बसान रवली, तिणां भात करपयलो." ते पत्र तुझेच. इस्पितळाचे कागद आणि सगळी पत्रे मी पत्र्याच्या पेटीत घालून सोबत आणतो. पेटी उघडली. सावित्रीच्या उत्तरावर ५ डिसेंबर आहे. हौसाबाईला विचारले, गाव तेव्हा ३ तारखेला निघाला आणि ७ ला परतला. मग ४ ला पत्र मिळून ५ ला कौल कोणी लावला? देव गावात दार लावून बसलेला आणि सावित्री इथे खाडीपलीकडे.

मला राग आला. ज्या शब्दावर मी पोट फाडून घेतले तो देवाचा नव्हताच. काल दुपारपासून तिच्याशी बोललेलो नाही. तुला हे ठाऊक होते का, खरे लिही.

तुझा
दादा


परळ, मुंबई
२८ डिसेंबर १९६३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ठाऊक होते. त्या जानेवारीत गावाहून आलेल्या लक्ष्मीकाकूंच्या पत्रात गावपळणीच्या तारखा आल्या, तेव्हाच उमगले. तू त्या दिवशी पेज पीत होतास. मी काय करायला हवे होते, तुझा कौल काढून घ्यायचा होता?

तुझे पत्र आल्यावर इस्पितळात जाऊन डॉक्टरांना विचारून आले. त्या वर्षी तुझ्यासारखे ऑपरेशन अकरा जणांचे झाले. चार इस्पितळातच गेले. पाच जण दोन वर्षांच्या आत गेले. उरलेली रत्नागिरीकडची एक बाई आणि तू. तुला आकडे कळतात, म्हणून लिहिले. आता वहिनीशी बोल.

तुझ्यावर रागावलेली,
विमल


आचरा
६ जानेवारी १९६४

चि. सौ. विमलवन्सं यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि मग विचारलं. मी सांगून टाकलं. देवळाचं दार उघडायला अजून दोन दिवस होते, टपालाला चार दिवस लागतात, आणि डॉक्टर दहा तारखेपर्यंतच थांबणार. शिवाय मला भीती वाटली की विचारलं आणि डावा आला तर? तुम्ही यांना घरी आणाल आणि मी चार महिने नुसती बघत बसेन. म्हणून विचारलंच नाही. हे गेले असते तर ते पाप माझं एकटीचं राहावं, म्हणून कोणाला बोलले नाही. देवाच्या नावानं खोटं लिहिलं, तेव्हापासून त्याच्यासमोर जायला तोंड नव्हतं. गुडघ्यांना काही झालेलं नाही वन्सं. तुमचं तेल फुकट गेलं.

यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चल देवळात, आता तरी विचारू. मी म्हटलं, "आता इचारू नकात. डावो इलो तर काय काडलेला परत पोटात घालून घेतालात?" तर इतके हसले की पोटाचा व्रण धरून खाली बसले.

तरी मला नेलंच. खांबापाशी थांबू दिलं नाही. सोमवार होता, पंधरा-वीस माणसं होती. यांनी पुढे होऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रामेश्वरा, जो कौल तुझ्या नावान दिलो गेलो, तो तुझोच मानून घे. देणाऱ्याचा काय चुकला आसात तर पदरात घे." भोवतीच्या माणसांना कशातलं काही ठाऊक नव्हतं. तरी रीतीप्रमाणे सगळी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

यंदाचं कार्ड यांनी माझ्यासमोर टाकलं, तूच भर म्हणून. वजन एकशे तीन पौंड. पहिल्या रकान्यात मी "हजर" लिहिलंय.

गाभाऱ्यापर्यंत जाऊन आलेली,
सावित्री