एकदाच विचारलेली लस

नॉर्डबी, १२ नोव्हेंबर

प्रिय सिग्नेमावशी,

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. तुझा गुडघा जिना चढू देतो का? शहरात अजून बर्फ नसेल. इथे तळ्याच्या कडा गोठल्या. मी तब्येतीनं ठीक आहे, डोकं मात्र तापलेलं आहे.

परवाना खात्याच्या सूचना दर मंगळवारी येतात. (चार म्हातारी माणसं घरात सांभाळायला परवाना हवाच, हे मला मान्य आहे. सूचना खुणा करून वाचणारी जिल्ह्यात बहुधा मी एकटीच.) या वेळची फ्लूची होती. प्रत्येकाला लस देऊ करायची. तो 'नको' म्हणाला तर तो त्याचा हक्क. त्या हिवाळ्यात आपण पुन्हा विचारलं तर तो दबाव, आणि दबाव टाकला तर परवाना जाऊ शकतो. म्हाताऱ्यांच्या शब्दाला कुणीतरी किंमत देतंय, म्हणून मी वाचताना मान डोलावली. ही माझी अक्कल!

मग नवी नर्स आली, मिस प्रुइट, दूर दक्षिणेकडची. मुलगी गुणी आहे, पण कॉफी पहिल्याच विचारण्याला घेतली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिनं माझ्या चौघांतल्या आर्विडआजोबांना लस हवी का विचारलं. आजोबा म्हणाले, "राहू दे गं पोरी, माझ्यासाठी कशाला त्रास? कुणा गरजवंताला टोच." आणि बाही वर सरकवायला लागले! आपल्याकडचं पहिलं 'नको' म्हणजे नुसती रीत, दुसरं विचारणाऱ्याचा मान, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस "बरं, तुझा आग्रहच आहे तर" म्हणतो. मिस प्रुइटनं नकार नोंदवला, पेटी बंद केली आणि गेली. आजोबा उघड्या दंडानं बसून. "येईल ना गं ती परत?" 'येईल' म्हणणं खोटं, 'हवी होती का?' म्हणणं दबाव.

आणि महिनाअखेर त्यांच्या मोठ्या बहिणीची, थोराताईची, नव्वदी आहे. तिच्या वृद्धाश्रमात फ्लू शिरलाय. लस न घेतलेल्याला दारातूनच परत पाठवतात. आजोबा रोज माउथ ऑर्गनवर तिच्यासाठी गाणं घोटतायत (वाईट वाजवतात, तरी मी दार लावत नाही).

मी खात्याला फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, "त्यांनी आपणहून मागितली तर काहीच अडचण नाही." मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे आपणहून कुणी मीठसुद्धा मागत नाही. 'बटाटे छान झालेत, मलाच अळणी लागत असतील', इथवरच आमची मजल."

"मग त्यांना समजावून सांगा."

"म्हणजे विचारू?"

"छे, विचारायचं नाही!"

शेवटी जेवताना ओल्गाआजी (शेजारच्या खोलीतल्या, जिभेला हाड नाही) कडाडल्या, "अरे आर्विड, हवी तर माग की! का दात दुखतात मागायला?" आजोबा ताठ झाले. "मी काय भिकारी आहे?" आता ते मुळीच मागणार नाहीत. एकदा विचारून पाठ फिरवायची, हा आदर की सुटका? मला खरंच ठरवता येत नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

तुझी,
बेरित

ता.क. शनिवारी कॉफीला ये. तू आजोबांना काही विचारावंस असं मी मुळीच सुचवत नाही. तुझ्याकडे परवाना नाही, गाडी आहे, आणि आपल्या औषधाच्या दुकानात शनिवारी लस देतात, एवढंच कळवते.

ता.क. दुसरं. "कशाला उगाच" म्हणशील. म्हण. तुला पुन्हा पुन्हा विचारायला मला कुठल्याही खात्याची बंदी नाही.

ता.क. तिसरं. मिस प्रुइटनं मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, "छे, आधी म्हाताऱ्यांना दे." माझाही नकार नोंदवलेला आहे, आणि आजोबांना थोराताईकडे घेऊन जाणारी मीच.

विसरू नये म्हणून, शनिवारी: औषधाच्या दुकानात जाऊन स्वतःसाठी लस मागणे.