रेघेवरचं घर

मी, खाली सही करणारी, घरात ‘मधली’ म्हणून ओळखली जाणारी, वय बावन्न, धंदा थडग्यांवर नावं कोरणे, डॉक्टरांनी ‘बघू’ म्हणायचं सोडून दिल्यावर, पण डोकं ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र लिहिते. कोणाची जबरदस्ती नाही. वकील म्हणाला, थोडक्यात आटपा. आयुष्यभर इतरांचं चार ओळींत आटपत आले; स्वतःचं जरा सैल लिहीन.

१. घर. ते कोणाला, याआधी ते कुठे, हे सांगावं लागेल. समुद्राकडच्या जुन्या चर्चला ते पाठ टेकून उभं आहे. निजायच्या खोलीची भिंत चर्चचीच. हे चर्च मासेमारांचं. आधी झावळ्यांचं होतं, ते भरतीने नेलं. मग दगडचुन्याचं बांधलं. त्याचं आवार भरती हप्त्याहप्त्याने नेते आहे. पुढे पहिल्या बाकावर कोणी बसायचं यावरून होड्यांचे शिडवाले आणि मिठागरांचे मीठवाले यांचं वाजलं. मीठवाल्यांनी चढावर स्वतःचं चर्च उभारलं, त्यात सगळेच बाक पहिले वाटावेत असे गोल मांडले. तिसरं चर्च बसस्थानकामागे, पत्र्याचं. दोन्हीकडून रुसलेले तिथे जातात, आणि गर्दी तिथेच जास्त.

चढावरच्या चर्चचा वेगळा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, झाला, तेव्हा बिशपांच्या कचेरीतल्या कारकुनाने नकाशावर पट्टी ठेवून हद्दीची रेघ मारली. ती आमच्या घरातून गेली. स्वयंपाकघर नव्या चर्चचं, बाकी घर जुन्याचं. बाबा हसले. “चला, आता जेवायला परगावी!” रेघ कोणी दुरुस्त केली नाही. शिक्का बसलेली चूक ती, तिला हात कोण लावणार?

मग धाकटी स्वयंपाकघरात जन्मली, म्हणून तिचा बाप्तिस्मा वर, चढावरच्या चर्चमध्ये. दादाचा आणि माझा आधीच खाली झालेला. बाबा निजायच्या खोलीत खाटेवर गेले, म्हणून खाली पुरले. आई चुलीपुढे कोसळली ती गेलीच, आणि धाकटीने वरच्या फादरना बोलावलं.

“आईला वर नेतेस? बाबा खाली आहेत ना!” दादा म्हणाला.

“खाली भरती आली की थडगी पोहतात, दादा.”

“म्हणजे बाबा पोहतायत?”

“मी नाही म्हणत. समुद्र म्हणतो.”

तिथून दोघांची बोलचाल बंद. आईबाबांचा चाळीस वर्षांचा संसार, आणि मुक्काम दोन दफनभूमींत. तेव्हापासून एकाच टेबलावर “मधले, त्याला सांग”, “मधले, तिला विचार.” दुखण्याने मी जितकी थकले नाही तितकी या टपालकीने थकले. चूक दोघांचीही नाही, हेच अवघड.

२. छिन्न्या आणि हातोड्या गवंड्याला. ओळंबा त्याने पूर्वीच ‘दोन दिवसांसाठी’ नेलेला आहे. तोही दिला, आता तरी त्याने भिंती सरळ बांधाव्यात.

३. बँकेतली शिल्लक जुन्या चर्चच्या छपराला. नव्या चर्चला काही नाही. घंटेऐवजी ते पहाटे जी रेकॉर्ड लावतात ती मी निमूट ऐकली, हीच देणगी समजावी.

४. माझं थडगं. दगड अंगणात तयार आहे. मध्ये माझं नाव, एका बाजूला आईचं, दुसऱ्या बाजूला बाबांचं. तो वर लावायचा की खाली, आणि मला कुठे पुरायचं, हे दादा आणि धाकटीने समोरासमोर बसून, आपापल्या तोंडाने ठरवावं. निरोप्या मिळणार नाही. ठरेपर्यंत मला शवागारात ठेवावं. मला घाई नाही, आणि शवागारावर अजून कोणत्याच चर्चने हक्क सांगितलेला नाही.

ठरलं, तर घर दोघांचं, समसमान. महिन्याभरात नाही ठरलं, तर मला बसस्थानकामागे पुरावं आणि घर बिशपांच्या कचेरीला द्यावं. ज्यांनी रेघ मारली, त्यांनी त्यात राहून दाखवावं.

साक्षीदार: जुन्या चर्चचा घंटावाला (सही). नव्या चर्चची ऑर्गनवाली (सही). दोघंही दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकेनात. शेवटी टेबल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं, दोन पाय इकडे, दोन तिकडे. पेन एकच होतं. त्याने सही करून ते तिच्या हातात दिलं, ती “थँक्यू” म्हणाली. म्हणजे जमतं.

सही: मधली
ठिकाण: तोच उंबरा
तारीख: ६ मार्च, बुधवार