ग्रेताला मारलेली हाक

१८ ऑगस्ट १९३६

आले एकदाची नवऱ्याच्या घरी! बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, या चाकोच्या ओसाड रानातल्या धुळीनं नवा काळा झगा पांढरा केला, पण मन मजेत आहे. चौतिसाव्या वर्षी लग्न झालं की कौतुक कमी आणि टोमणे जास्त. आमच्या गावच्या बायका म्हणाल्या, यूस्टिनाला बिजवर मिळाला, तोही पोरीसकट. मी म्हटलं, बरंच झालं, आयती पोर मिळाली, बाळंतपण वाचलं.

गेरहार्ड अबोल आहे, पण माझी पेटी त्यानं स्वतः उचलून आत नेली. घर मातीच्या विटांचं, स्वच्छ. ग्रेता सहा वर्षांची. तिची आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. दाराआडून मला न्याहाळत होती, मग जवळ येऊन विचारलं, मावशी, तूपण मरणार आहेस का? मी म्हटलं, आधी जेवू तर दे. हसली बाई एकदाची.

२ सप्टेंबर

भुईमुगाची पेरणी सुरू आहे. सासूबाई दात नसून चावतात. काल म्हणाल्या, तुझ्या पावात मीठ कमी आणि तोंडात जास्त. मला त्या आवडायला लागल्या आहेत.

दुपारी जेवण झालं की ऊन इतकं चढतं की सगळं गाव झोपतं. ग्रेता तेवढी झोपत नाही, बाटलीसारख्या फुगल्या खोडाच्या बाटलीझाडाखाली एकटीच खेळते, बडबडते. मी दारातून मोठ्यानं हाक मारून तिला बोलावते. सासूबाईंना हे मुळीच खपत नाही. त्या स्वतः कधीही हाक मारत नाहीत. गुडघे धरत उन्हातून झाडापर्यंत जातात आणि हाताला धरून आणतात. म्हातारपणीची खोड, दुसरं काय.

१३ सप्टेंबर, रविवार

दुपारच्या कॉफीला मी दुमजली पाव केले होते, एकावर एक गोळा बसवून, अगदी फुललेले. नेहमीसारखी दारात जाऊन ग्रेताला हाक मारली आणि वळले, तर ती माझ्यामागे टेबलाशी बसलेली.

आणि ओसरीवर पावलं वाजली. अनवाणी, धावत आलेली. दाराशी येऊन थांबली. बाहेर पाहिलं तर नुसतं ऊन.

ग्रेता पावाला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, त्यांनापण हाक ऐकू येते."

गेरहार्डनं कप खाली ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेला.

१४ सप्टेंबर

सासूबाईंना धरून बसवलं आणि विचारलं. आधी चिडल्या, मग बोलल्या.

त्यांची धाकटी बहीण ग्रेता. रशिया सोडायच्या आदल्या हिवाळ्यात वारली. कॅनडात त्यांना मुलगी झाली, तिला तेच नाव दिलं. ती मॅनिटोबातल्या शेताकडेला पुरली आहे. मग गेरहार्डची पहिली मुलगी, तिलाही तेच नाव. कॅनडाही सोडून इकडे आल्यावर, इथली जमीन मिळेपर्यंत सगळे नदीवरच्या बंदरात अडकून पडले होते, तिथल्या तापात ती गेली. त्यानंतर झाली ही आमची. यात नवल काही नाही. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचं, हे आमच्या पंथात घरोघरी चालतं. माझं नावसुद्धा माझ्याआधी गेलेल्या बहिणीचं आहे. मी कधी विचारच केला नव्हता.

सासूबाई स्वतःच्या रुमालानं नव्हे, थेट माझ्या बाहीनं डोळे पुसत म्हणाल्या, "दर वेळी नांगर आणला, बियाणं आणलं, नाव आणलं. पोरी तिथेच राहिल्या. नाव ऐकलं की त्यांना वाटतं, आपल्यालाच बोलावलं."

१६ सप्टेंबर

ठरवलं. नावच बदलायचं. आमच्यात लहानपणी बाप्तिस्मा नसतो, तेव्हा धर्मही आड येत नाही. आजपासून ती एल्सा. गेरहार्डला आवडलं नाही, तिच्या आईनं ठेवलेलं नाव म्हणाला. मी म्हटलं, नाव जपायचं की पोर?

ती बिचारी हो म्हणाली. मग खूप वेळानं विचारलं, मग आता ग्रेता कोण?

२७ सप्टेंबर

ओसरी शांत आहे. मी जिंकले असं वाटलं होतं.

पण पोर सुकत चालली आहे. एल्सा म्हणून हाक मारली की वळत नाही, मी दुसऱ्याच कुणाला बोलावतेय असं बघते. झाडाखाली तिच्या शेजारी धुळीत बसल्याच्या खुणा असतात. तीन. छोट्या.

आज पहिल्यांदा मला आई म्हणाली. मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, त्या म्हणतात, तुझं नाव काढून घेतलं ना, मग तूपण मागे राहिलीस. आमच्यासारखी."

मी तिला घट्ट धरलं आणि खूप रडले. देवा, मी हे काय करून बसले.

४ ऑक्टोबर

उत्तरेचा वारा सुटला आहे. भर दुपारी अंधारून आलंय. धूळ, नुसती धूळ. तिला नजरेआड करत नाही. जुनं नाव परत द्यायचं ओठावर येतं, पण ती पावलं —

६ ऑक्टोबर

वाळत घातलेली चादर उडाली म्हणून मी बाहेर धावले. तेवढ्यात — आत आले तर ती नाही.

धुळीत एकमेकांना चुकू नये म्हणून गेरहार्ड आणि शेजारी दोर धरून ज्वारीत शिरलेत. मी घरी थांबायचं, नांगराचा फाळ बडवायचा, हाका मारायच्या. मध्ये मध्ये लिहिते, नाहीतर वेड लागेल.

एल्सा, एल्सा — घसा फाटला. उत्तर नाही. कशी येईल? तिला मी बोलावतच नाहीये.

सासूबाई म्हणतात, तिचं नाव घे.

घेतलं. दारात उभी राहून, जीव खाऊन. ग्रेता!

आल्या. ओसरीवर पावलं. एकटीची नाहीत. मी दार लावून घेतलं. माझ्याच लेकराच्या तोंडावर —

"आई, मी आलेय." मग तोच आवाज, पुन्हा. आणि पुन्हा. खिडकीतून धुळीत फक्त डोकी दिसतात, सारख्या उंचीची. विचारलं, माझी कोणती? सगळ्या म्हणाल्या, मी.

सासूबाई उठल्यात. कडीशी गेल्यात. "उघड, यूस्टिना. माझीपण आहे त्यात."

उघडते. एकेकीचा हात हातात घेईन. गरम लागेल ती माझी. बाकीच्यांनाही आतच घेईन, आता कुणाला मागे ठेवायचं नाही. पण सगळेच हात गार लागले तर —