दोन जिन्यांचं घर

मंगळवार, ४ मार्च

कुलूप! वरच्या छोट्या दाराला आज सेक्रेटरीने कुलूप घातलं. आम्हा मायलेकींना इथे राहायला येऊन महिनाही झाला नाही, आणि ही स्वागताची तऱ्हा.

इमारत शंभरीची. बांधणाऱ्याने तिला दोन जिने दिले. पुढचा संगमरवरी, ऐसपैस, शिसवी कठड्याचा, वळणावळणाला रंगीत काचा — घरवाल्यांसाठी. मागचा लोखंडी, गोल, अंधारा, प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी निघणारा — नोकरांसाठी. नोकरांच्या खोल्या अगदी वर, छपराखाली. पुढचा जिनाही तिथवर येतो, पण शेवटी हे छोटं दार. त्यातलीच एक खोली मी विकत घेतली आहे. शिलाई मशीनवर पाय झिजवून, रीतसर!

सेक्रेटरी म्हणाला, "वरच्या खोल्यांना मागचा जिना. पहिल्यापासून तसंच आहे."

पहिल्यापासून म्हणे. बघते मी.

शुक्रवार, ७ मार्च

आई याच इमारतीत कामाला होती. पुढचा जिना तीच पुसायची. लख्ख पुसायची आणि बादली उचलून मागच्या जिन्याने वर जायची. आता गुडघे गेलेत. गोल जिन्यात दर वळणाला थांबते, कठड्याला धरून श्वास घेते. म्हटलं, कुलूप फोडते. तर म्हणाली, "कशाला वाकड्यात शिरतेस? मला सवय आहे."

सवय! अशी तिडीक गेली डोक्यात.

रविवार, ९ मार्च

कापडांसाठी कपाट घेतलं. ते गोल जिन्यात शिरेना. सेक्रेटरीने मान खाजवत कुलूप काढलं — "फक्त कपाटापुरतं हं!" वा! लाकडाने पुढून यायचं, माणसांनी मागून. तोंडावर बोलले मी त्याला.

हमालांनी पहिल्याच वळणावर कपाट तिरकं केलं, आणि ते भिंत नि कठड्याच्या मधे अडकून बसलं. वर जाईना, खाली येईना. सेक्रेटरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पोट धरून हसले.

सोमवार, १० मार्च

सुतार परवा येणार. तोवर सगळी इमारत मागच्या जिन्याने! दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पर्स गळ्यात अडकवून, दोन्ही हातांनी कठडा धरून चढत होत्या. "इथे साधा दिवा का नाही?" मी वरून ओरडले, "पहिल्यापासून तसंच आहे!"

आईने मला दटावलं. पण तीही हसत होती.

गुरुवार, १३ मार्च

काल सुताराने कपाटाचे पाय काढून ते वर आणलं. आणि आज सेक्रेटरी स्वतः किल्ली घेऊन दारात! "तुम्ही मालक आहात, तेव्हा तुम्हा दोघींपुरती. कामाच्या बायका मागूनच."

जिंकले! किल्ली आईच्या हातात ठेवली. तिने विचारलं, "आणि जिना पुसणारी?"

म्हटलं, "साऱ्या जगाचं आपण कशाला अंगावर घ्यायचं? आपलं काम झालं ना!"

आईने किल्ली पदराला बांधली आणि भांडी घासायला घेतली. मला तिचा रागच आला. चार क्षण खूश व्हायचं, तेही या बाईला जमत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी खाली आरडाओरडा. छोटं दार सताड उघडं. धावत उतरले. आई पहिल्या वळणावर संगमरवरी पायरीवर बसलेली, शेजारी जिना पुसणारी, दोघींच्या मधे बादली. सेक्रेटरी लालबुंद. आई त्याला सांगत होती, "ही माझ्याकडे आली आहे. पुढूनच येणार, पुढूनच जाणार. नाहीतर ही घ्या तुमची किल्ली, आम्ही बसलोय इथेच."

माझी आई!

तिने बादली सरकवून मला जागा दिली. हे तिथूनच लिहिते आहे.