न लावलेली टेस्ट

सर,

तुम्ही गेलात त्याला आठ वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून तसाच आहे. खडकीच्या त्या लॅबमध्ये रक्त काढायला, सिरम वेगळं करायला मला तुम्हीच शिकवलंत. "नळीवर नाव आधी, सुई नंतर," म्हणायचात. घरातली पहिली पदवीधर मी. तुमचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायचे.

आई तेव्हा चार घरी पोळ्या करायची. तिच्या पायांना मुंग्या येत, चालताना चप्पल निघून गेली तरी कळत नसे. "आण तिला, बी-ट्वेल्व्ह करून टाकू," तुम्ही म्हणालात. रक्त मी काढलं, सिरम मीच छोट्या कुपीत भरलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या सहीचा रिपोर्ट आला: ३८०, नॉर्मल. मग वर्षभर आईला कुणी इंजेक्शन दिलं नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण तळव्यांची जाणीव परत आली नाही. आई अजून भिंत धरून चालते.

तुम्ही गेल्यावर डीप फ्रीझर रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. तळाशी बर्फात रुतलेली ती कुपी मिळाली. आईचं नाव, अक्षर माझं, आणि सिरम मी भरलं होतं तितकंच, काठोकाठ. एक थेंबही काढलेला नाही. टेस्टचं किट संपलंय, एवढंच सांगायचं होतंत, सर! मी त्याच दिवशी ती टेस्ट लावली. आकडा आला ९२. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता, हेही तुम्हीच शिकवलेलं.

भांडायला तुम्ही उरला नव्हतात, म्हणून मी माझ्या पद्धतीने सूड उगवला. आता वारज्यातली एक लॅब मी सांभाळते. तिथल्या मुलींना मी तुमची सगळी गोष्ट सांगितली आहे, आडनावासकट. एखादीचा रिपोर्ट फार लवकर आला की बाकीच्या तिला तुमच्या आडनावाने हाक मारतात. "काय साहेब, लावलीत की लिहिलीत?"

मंगळवारी तुमच्या मिसेस आल्या, व्हिटॅमिन डी तपासायला. काउंटरवर त्यांनी आडनाव सांगितलं आणि दोघी मुली फिसकन हसल्या.

"का गं हसल्या या?" त्यांनी मला विचारलं.

"सरांचं नाव इथे रोज निघतं, काकू."

त्यांचे डोळे भरून आले. "एवढं कोण कुणाची आठवण ठेवतं गं," म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं, सर. खोटं कशाला बोलू? पुढचंही सगळं ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आईला भेटायला येईन एकदा," आणि मी ते गिळून नळीवर त्यांचं नाव लिहायला घेतलं.

कारण आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. त्या वर्षी तिने पाय पुढे केला की मी तुमचा रिपोर्ट तिच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "नॉर्मल आहे आई, नाटकं करू नकोस."

हे पत्र लॅबच्या कपाटात ठेवते आहे. घरी नेता येणार नाही. आईला वाचता येतं.