फोटोला टांगलेला चष्मा

प्रिय दादा,

आज मी तुझ्या फोटोवरचा चष्मा ओढून काढला. हार तुटला, खिळा निघाला, शेठ ओरडले. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून तुला सांगायच्या आत मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले.

तू काविळीनं गेलास आणि शेठना तुझ्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं. जिवंतपणी तुझ्याशी धड बोलायचे तरी का? आता काचेच्या कारखान्यात तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर तुझा मोठा फोटो, रोज ताजा हार, उदबत्ती. आणि वर वेगळ्या खिळ्याला, फोटोतल्या डोळ्यांवर येईल असा, बर्नरवर काच तापवताना तू घालायचास तो काळा चष्मा. त्यालाही हार, त्यालाही कुंकू! "याले कोनी हात नाही लावाचा. आपल्या कारखान्याचा देव हाये हा," असं शेठनी बजावलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ज्या घरात देव नाही, त्या घरातल्या माणसालाच देव केलं. मला किळस आली, दादा.

तुला आठवतं, पहिल्यांदा काचेची जाड कांडी माझ्या हातात दिलीस तेव्हा मी ती सरळ ज्योतीत धरायला निघाले होते? तू मनगट धरलंस. "काहून घाई करून राहिली वं? बाहेरून तापली म्हणून भुलू नको, आतून थंडच हाये." मग ज्योतीच्या टोकापासून लांब धरून, फिरवत फिरवत, जरा आत, जरा बाहेर, असं किती वेळ चालवलंस! मला कंटाळा आला होता. बारीक कांडीचे लाड नसतात, जाड कांडीचे करावे लागतात, असं म्हणून हसलास. काम झालं की एकदम गार होऊन तडकू नये म्हणून ती गरम राखेत पुरून ठेवायचास आणि ती गार होईपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाहीस.

तुझ्या टेबलावर आता शांता बसते, खापरखेड्याहून येते. हात चांगला आहे तिचा. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेची ऑर्डर अडली होती आणि शेठ तिच्या मागे उभे राहून घाई करत होते. तिनं जाड कांडी थेट ज्योतीत घातली. फट्कन आवाज झाला. काचेचा तुकडा तिच्या भुवईत रुतला. जरा खाली लागला असता तर?

शेठनी काय केलं असेल? मी तिच्या भुवईवर ओढणी दाबून बसले होते, आणि शेठनी तुझ्या फोटोपुढे नवी उदबत्ती लावली. "दादानं वाचवलं पोरीले," म्हणाले. हात जोडून! शांताच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, तुझा चष्मा लोंबत होता.

मग माझं डोकं फिरलं.

चष्मा घरी आणला तेव्हा काचांवर कुंकवाचा चिकट थर, त्यात धूर, त्यात एक मेलेली माशी. तू धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचास त्या काचा! साबणानं धुताना पाणी लाल होत होतं.

पण रागवायचं तर तुझ्यावरही रागवायला हवं. इतकी वर्षं तू जपून काम केलंस ते स्वतःपुरतं. सगळ्यांना चष्मे आणा, असं शेठना एकदा तरी ठणकावलंस का? "आपलं आपन सांभाळावं वं," हेच तुझं उत्तर. एकच चष्मा मागे राहिला म्हणून त्याची पूजा झाली. पाच असते तर कोणी केली असती?

चष्मा खिळ्याला लावून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असं शेठनी सांगितलंय. मी जाणार आहे. चष्मा डोळ्यांवर घालूनच दारातून आत शिरणार. जाड कांडी ज्याच्या हातात, चष्मा त्याच्या डोळ्यांवर. बाकीच्यांसाठी नवे येईपर्यंत चष्म्याशिवाय आम्ही कोणी जाड कांडीला हात लावणार नाही. शांताही माझ्या बाजूनं आहे, पट्टी बांधलेली.

तुझा फोटो तेवढा उघड्या डोळ्यांनी राहील. राहू दे. तुला आता काही उडून लागणार नाही.

तुझी,
कमल