वजन कुठे द्यायचं

ती. ताईस,

वाकता न येणाऱ्या भावाचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. जिउ-जित्सू या जपानी कुस्तीच्या क्लासमधला माझा नवशिक्याचा पांढरा पट्टा दर तीन मिनिटांनी सुटतो आणि या अन्यायाची दखल कोणीही घेत नाही.

बाकी मी ठणठणीत. वेळेवर जेवतो. पन्नाशीत कुस्ती शिकतोय म्हणून हसू नकोस; बाबा गेल्यापासून संध्याकाळी खोलीत बसवत नाही, एवढंच.

काल सरावात जोडीदाराला खाली दाबून धरायचं होतं. मी हातांनी आवळत होतो आणि तो दर वेळी निसटत होता. सर ओरडले, "अहो काका, माणूस धरताय की पिशवी? गुडघा त्याच्या कमरेशी लावा, छाती टेका, अंगाचं वजन द्या!" तसं केलं, तर तो हलेना. त्याला दुखलंही नाही. मी मात्र अर्ध्या मिनिटात घामाघूम.

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना तू दोन वर्षं असंच कुशीवर वळवत होतीस. गुडघा पलंगावर, छाती त्यांच्या पाठीला. व्हिडिओ कॉलवर ते बघून मी म्हणालो होतो, "अगं, अंगावर काय पडतेस त्यांच्या? हातांनी उचल ना हळूच!" तू फोन उलटा ठेवलास. शेवटच्या दिवशीही त्यांना तूच धरलं होतंस. मी विमानतळावर होतो.

तुझी पाठ अजून दुखते का?

ताई, तू बरोबर धरलं होतंस. माझं ते बोलणं मी मागे घेतो.

तुझा,
धाकटा